खरं आहे, पण कागद आहे का?

अब्रूनुकसानीचा कायदा म्हणजे पत्रकारांच्या डोक्यावरची टांगती तलवार, असं सगळेच म्हणतात. तलवार आहेच. पण तिला धार कुठे आहे आणि कुठे नाही, हे माहीत असलेलं बरं. फॉरवर्डचं बटण दाबणाऱ्यांनीसुद्धा!

पंधरा सेकंद. ऑफिसच्या लिफ्टची वाट बघण्यातसुद्धा याहून जास्त वेळ जातो. १० सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी 'टाइम्स नाऊ'वर गाझियाबादच्या प्रॉव्हिडंट फंड घोटाळ्याची बातमी चालू होती. बातमीत एका न्यायमूर्तींचं नाव आलं आणि स्क्रीनवर फोटो झळकला भलत्याच न्यायमूर्तींचा. आडनावं ऐकायला थोडीशी सारखी, एवढाच काय तो संबंध. फोटो होता न्या. पी. बी. सावंत यांचा. सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, आणि वर प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. म्हणजे पत्रकारांनी कसं वागावं हे ज्यांनी सांगायचं, त्यांचाच फोटो!

चूक लक्षात आल्यावर चॅनलने फोटो काढला. पण प्रेक्षकांना 'आमचं चुकलं' असं सांगितलं ते सावंत यांची नोटीस आल्यानंतर. २३ सप्टेंबरपासून पाच दिवस स्क्रीनवर दिलगिरीची पट्टी फिरली. सावंत यांचं त्याने समाधान झालं नाही. त्यांनी पुण्याच्या कोर्टात दावा लावला आणि एप्रिल २०११ मध्ये निकाल आला : शंभर कोटी रुपये भरपाई. हिशेब करून बघा, सेकंदाला साडेसहा कोटींहून जास्त! अपिलात मुंबई हायकोर्टाने आधी २० कोटी रोख भरा आणि उरलेल्या ८० कोटींची बँक गॅरंटी द्या, असं सांगितलं. त्याविरुद्ध चॅनल सुप्रीम कोर्टात गेलं, तर नोव्हेंबर २०११ मध्ये तिथेही नकार मिळाला.

शंभर कोटींचा आकडा जास्त होता का? तेव्हाही अनेकांना तसं वाटलं आणि वाद आजही घालता येईल. पण मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या प्रकरणात कुणी कुणाची सुपारी घेतलेली नव्हती, कुणाचा सूड नव्हता. फोटो लावण्याआधी 'हे तेच ना?' एवढा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, बस्स.

एक गुन्हा, दोन दारं

आपल्याकडे अब्रूनुकसानीची दोन दारं आहेत. पहिलं दिवाणी. 'माझी बदनामी झाली, भरपाई द्या' असा दावा. तो बदनामीपासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. दुसरं दार फौजदारी. इथे पैशांबरोबर तुरुंगही आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेतली कलमं ४९९ आणि ५०० अनेकांना तोंडपाठ असतील. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं. शिक्षा तीच, जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. नवीन काय, तर कोर्ट आता समाजसेवेची शिक्षाही देऊ शकतं. फौजदारी तक्रारीला मुदत तीन वर्षांची.

हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस दारात, असं या कलमाखाली होत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करायची असते. दोघांनी आपसात मिटवलं तर प्रकरण तिथेच संपू शकतं.

ऐकायला सौम्य वाटतं ना? पण दोन वर्षं म्हणजे काय, हे २३ मार्च २०२३ ला सगळ्या देशाने पाहिलं. एका प्रचारसभेतल्या वाक्यावरून सुरतच्या कोर्टाने राहुल गांधी यांना याच गुन्ह्यात पूर्ण दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची खासदारकी गेली. ४ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा ती परत मिळाली.

ब्रिटनने २००९ च्या कायद्याने हा फौजदारी गुन्हा पुस्तकातून काढून टाकला. श्रीलंकेने तर त्याआधी, २००२ मध्येच. आपल्याकडे तो ठेवायचा की नाही, हा प्रश्न सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेत सुप्रीम कोर्टापुढे आला. मे २०१६ मध्ये कोर्टाने सांगितलं, राहू द्या. माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यामागचं म्हणणं होतं.

घड्याळ कुणी चोरलं?

कायद्याची भाषा रुक्ष असते, पण या कलमातली उदाहरणं वाचा, मजा येईल. दीडशेहून जास्त वर्षं झाली, नवा कायदा आला, तरी तीच उदाहरणं कायम आहेत. अमक्याचं घड्याळ चोरीला गेलंय. कुणीतरी विचारतं, कुणी चोरलं? तुम्ही तोंडातून चकार शब्द काढत नाही, नुसतं एका माणसाकडे बोट दाखवता. झाली बदनामी. किंवा तो माणूस घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र काढता. तरीही बदनामी. किंवा अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणता, 'छे छे, तो फार प्रामाणिक आहे हो, त्याने घड्याळ मुळीच चोरलेलं नाही!' आणि ऐकणाऱ्याला बरोबर उलटं समजावं हाच तुमचा हेतू असतो. हीसुद्धा बदनामीच!

तेव्हा 'मी कुठे नाव घेतलं?', 'मी तर उपरोधाने लिहिलं', 'फक्त एक इमोजी टाकला' ही कारणं चालतीलच असं नाही. वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला की झालं. 'कथित', 'म्हणे', 'अशी चर्चा आहे' हे पत्रकारांचे लाडके शब्दही चिलखत नाहीत. दुसऱ्याने पसरवलेली अफवा तुम्ही छापलीत, तर ती तुमचीही झाली.

आणि तुम्ही पत्रकार नाही म्हणून निवांत बसला असाल तर ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात म्हटलं, की बदनामीकारक मजकूर रिट्विट करणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते. ऑफिसच्या ग्रुपवर एच.आर.मधल्या कुणाबद्दलचा 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड' मेसेज पुढे ढकलताना हे आठवा. तीन शब्दांची ती पट्टी कुठल्याही कोर्टात बचाव म्हणून लिहिलेली नाही.

नुसतं खरं असून भागत नाही

आता कळीचा मुद्दा. 'पण ते खरं आहे!' असं म्हटलं की सुटलो, असं आपल्याला वाटतं. दिवाणी दाव्यात बऱ्याच अंशी तसं आहे, सत्य सिद्ध केलंत तर दावा टिकत नाही. फौजदारीत मात्र सत्याला एक जोडीदार लागतो. गोष्ट खरी हवी, आणि ती प्रसिद्ध करणं सार्वजनिक हिताचंही हवं. शेजाऱ्याच्या घटस्फोटाची कागदपत्रं शंभर टक्के खरी असतील, पण ती सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावण्यात कुणाचं हित आहे?

यासह कायद्यात एकूण दहा अपवाद आहेत. सरकारी नोकराने नोकरी करताना काय केलं यावर मत देता येतं. कोर्टात जे घडलं त्याचा प्रामाणिक वृत्तांत देता येतो. सिनेमा, पुस्तक, नाटक यांच्यावर टीका करता येते. इथलं उदाहरणही झकास आहे. पुस्तक वाचून 'हे पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक कच्च्या डोक्याचा दिसतो' असं म्हणणं चालतं, कारण तुमचं मत पुस्तकातून आलंय. पण 'पुस्तक असं निघालं यात नवल ते काय, तो माणूसच बदफैली!' म्हटलंत की संरक्षण गेलं. मत द्या, पण ज्यावर देताय ते समोर ठेवून द्या.

बहुतेक अपवादांना एक अट चिकटलेली आहे, 'सद्भावना'. शब्द मवाळ आहे, पण अर्थ मवाळ नाही. 'माझ्या मनात काही वाईट नव्हतं' म्हणजे सद्भावना नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट म्हणजे सद्भावना, असं कायदा सांगतो. मन किती स्वच्छ होतं यापेक्षा तुम्ही किती फोन केलेत, किती कागद तपासलेत, समोरच्याला त्याचं म्हणणं विचारलंत का, याला वजन आहे. न्यूजरूममध्ये सीनियर मंडळी 'त्यांचं व्हर्जन घेतलंस का?' म्हणून डोकं खातात ना, ते यासाठी!

'तहलका'चं ऑपरेशन वेस्ट एंड आठवतंय? मार्च २००१ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने देश हलवला होता. टेपवर एक लाख रुपये घेताना दिसलेले भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना एप्रिल २०१२ मध्ये विशेष सीबीआय कोर्टाने दोषी ठरवलं. पण त्याच ऑपरेशनमध्ये मेजर जनरल एम. एस. अहलुवालिया यांच्यावर लाच मागितल्याचा आरोप केला गेला होता आणि ती मागणी टेपमध्ये नव्हती. जुलै २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांना दोन कोटींची भरपाई मंजूर केली. ऑपरेशन एकच, कॅमेरा एकच. जे टेपवर होतं ते कोर्टात उभं राहिलं, जे टेपवर नव्हतं ते कोसळलं. आणि यात एका लष्करी अधिकाऱ्याची बावीस वर्षं गेली, हे विसरू नका. बदनामीचा कायदा फक्त बड्या धेंडांच्या सोयीसाठी आहे असं म्हणताना ही बाजूही बघावी लागते.

मुंबई १८६२, कोल्हापूर १८८२

हा धडा नवा नाही. आपल्याच मातीतली दोन जुनी प्रकरणं तो जास्त चांगला शिकवतात.

पहिलं 'महाराज लायबल केस'. जून २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर 'महाराज' आला तेव्हा अनेकांना ते नव्याने कळलं. मुंबईतले तरुण गुजराती पत्रकार करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये 'सत्यप्रकाश'मधून वैष्णव संप्रदायाच्या महाराजांच्या अनैतिक वागण्यावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा दावा ठोकला. त्या काळातले पन्नास हजार! जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली. करसनदास नुसते 'मी समाजसुधारक आहे' म्हणत बसले नाहीत, त्यांनी साक्षीदार उभे केले. त्यातले एक डॉ. भाऊ दाजी लाड. हो, राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच. महाराजांना गुप्तरोग असल्याची साक्ष या डॉक्टरांनी भर कोर्टात दिली. एप्रिलमध्ये करसनदास जिंकले.

दुसरं प्रकरण बरोबर वीस वर्षांनंतरचं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशा अर्थाचा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'ने छापला. आधार होता काही पत्रांचा. बर्वे यांनी फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघंही जेमतेम सव्वीस वर्षांचे, म्हणजे आपल्यातले कित्येक जण पहिलं प्रमोशन मागतात त्या वयाचे. डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकही लिहिलं.

टिळक-आगरकरांच्या हेतूबद्दल कुणी शंका घेईल का? नाही. धैर्य करसनदासांपेक्षा कमी होतं का? मुळीच नाही. फरक फक्त एकच, एकाकडे टिकणारा पुरावा होता आणि दुसऱ्यांकडे न टिकणारा.

निकालाआधीची शिक्षा

इथवर सगळं ठीक. काळजी घ्या, कागद ठेवा, निश्चिंत राहा. पण खरी अडचण इथेच सुरू होते. तुम्ही शेवटी जिंकता, पण त्या 'शेवटी'पर्यंत पोचायचं कसं?

पत्रकार प्रिया रमाणी यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये #मीटू मोहिमेत एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर तेव्हा केंद्रात मंत्री होते. त्यांनी आरोप फेटाळले आणि फौजदारी फिर्याद केली. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणी यांना निर्दोष सोडलं. स्त्रीला आपली तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीही मांडता येते, असं कोर्टाने सांगितलं. निकाल ऐतिहासिक खराच. पण त्यासाठी सव्वादोन वर्षांहून जास्त काळ तारखा, उलटतपासणी आणि आरोपी म्हणून हजेरी. अकबर यांनी पुढे हायकोर्टात अपील केलं, ते वेगळंच.

ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याला दावा जिंकायचाच असतो असं नाही. समोरच्याला थकवलं तरी त्याचं काम होतं. अशा दाव्यांना जगभर 'स्लॅप' म्हणतात. तोंड बंद करण्यासाठी लावलेला दावा! मार्च २०२४ मध्ये 'ब्लूमबर्ग'विरुद्ध 'झी'च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच हा शब्द वापरला. 'झी'बद्दलचा लेख काढून टाका, असा आदेश खालच्या कोर्टाने खटला चालण्याआधीच दिला होता. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि बजावलं, की पूर्ण सुनावणीआधी लेखन थांबवणं ही अपवादाने करायची गोष्ट आहे. नाहीतर आरोप सिद्ध होण्याआधीच लेखाला फाशी झाली म्हणायची.

त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन'च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने फार मोठी मोकळीक देऊन ठेवली आहे. ऑटो शंकर नावाच्या फाशीच्या कैद्याची आत्मकथा छापली जाऊ नये अशी सरकारी अधिकाऱ्यांची इच्छा होती. कोर्टाने सांगितलं, आधीच बंदी घालता येणार नाही. सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिहिता येईल. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामाबद्दलच्या टीकेसाठी भरपाई हवी असेल, तर लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची बेफिकिरी केली हे त्याला दाखवावं लागेल. पत्रकाराने वाजवी पडताळणी केली होती, एवढं पुरेसं. पुन्हा तेच, होमवर्क!

यात सगळ्यात उघड्यावर असतात ते फ्रीलान्सर. स्टाफवरच्या रिपोर्टरच्या मागे निदान लीगल डिपार्टमेंट असतं. आम्हा फ्रीलान्सरांच्या करारात मात्र अनेकदा शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक कलम असतं, 'या मजकुरामुळे उद्भवणारा कायदेशीर खर्च लेखकाने सोसायचा.' लेखाचे पैसे मिळणार चार हजार आणि जबाबदारी अमर्याद! मग होतं काय, की नोटीस येण्याआधीच स्टोरी मरते. बिल्डरचं नाव गाळलं जातं, हॉस्पिटलचं 'एक नामांकित रुग्णालय' होतं, आणि वाचकाला कधी कळतच नाही की त्याच्यापासून काय लपलं.

म्हणून हा कायदा वाचायचा तो घाबरण्यासाठी नाही. नाव कधी टाकता येतं, हे कळण्यासाठी.

पाठवण्याआधी पाच मिनिटं

• प्रत्येक आरोपापुढे समासात लिहा : हे मला कशावरून माहीत? उत्तर 'सगळ्यांना माहीत आहे' असेल तर ते वाक्य थांबवा.

• कागद खरा आहे का, हे कागद देणाऱ्यालाच विचारून भागत नाही. दुसरीकडून पडताळा. बर्वे प्रकरण आठवा.

• ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराला वाजवी वेळ द्या. रात्री साडेअकराला मेल टाकून सकाळी 'प्रतिक्रिया मिळाली नाही' छापू नका.

• नाव, पद, फोटो, कॅप्शन वेगळं तपासा. लेख बरोबर आणि फोटो चुकीचा, याची किंमत आपण वर पाहिली.

• वस्तुस्थिती आणि मत वेगळं ठेवा. 'सोसायटीचा हिशेब दोन वर्षं मांडलेला नाही' ही वस्तुस्थिती. 'सेक्रेटरी चोर आहे' हा आरोप, आणि तो सिद्ध करणं तुमच्यावर.

• नोंदवही, रेकॉर्डिंग, मेल जपून ठेवा. दिवाणी दाव्याला एक वर्ष, फौजदारीला तीन. कोर्टात प्रकरण गेलं तर त्याहून कितीतरी जास्त. फोन बदलताना बॅकअप घ्या!

• करारातलं ते बारीक अक्षरातलं कलम सही करण्याआधी वाचा. बदलून मागा. नाही म्हणाले तरी विचारल्याने काही बिघडत नाही.

• चूक झालीच, तर लगेच, स्पष्ट आणि तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करा.

• वकिलाची नोटीस म्हणजे निकाल नव्हे. भांडू नका, फोनवर काही कबूल करू नका, लेख घाईने उडवू नका. आधी वकील गाठा.

नोटिशीत आकडा कितीही कोटींचा असू दे, पहिल्या भेटीत वकील आकड्याबद्दल विचारत नाही. तो खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, 'तुमच्याकडे काय काय आहे?' तेव्हा टेबलावर ठेवायला एक जाडजूड फाईल असली, की निम्मी लढाई झाली.